भ्यायला स्टँपपेपर लागत नाही

मोजणीकाकांनी मला फसवलं. सहा वर्षं फसवलं, आणि त्यात एक रुपयासुद्धा खाल्ला नाही.

हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं त्यांच्या गमती ऐकून तुम्ही हसाल आणि म्हणाल, किती गोड म्हातारा! अजिबात गोड नाही. चितेगावजवळच्या खेड्यातून मी या शहरात आले तेव्हा माझ्याकडं एक परात आणि एक तवा होता. त्यावर साठ डब्यांची खानावळ उभी केली. जाधववाडीच्या अडतीत मला लांबून बघितलं की कांदेवाला स्वतःहून भाव उतरवतो. भावात, वजनात, मापात मला आजवर कोणी फसवलं नाही. या एका माणसानं फसवलं.

मोजणीकाका म्हणजे आमचे घरमालक. औरंगपुऱ्याच्या मागच्या गल्लीत त्यांचं घर, आणि त्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत आम्ही भाड्यानं, खानावळही तिथंच. त्यांचा जन्म जमीन मोजणीच्या खात्यात गेला. निवृत्त झाले, मोजणीची साखळी सरकारजमा केली, पण मोजणं सुटलं नाही. ते रस्त्यानं चालत नाहीत, रस्ता मोजतात. ‘कुठं गेला होता काका?’ असं विचारलं तर ‘चारशे बारा पावलं’ एवढंच सांगतात. दळण की भाजी ते आपण ओळखायचं. कोणाकडं गेले तर आधी उंबरठ्यावर वीत टाकतात, मग चहा घेतात. गल्लीतल्या एका लग्नात अक्षता हातात धरून त्यांनी मांडव मोजला आणि वधूपित्याला सांगितलं, “मांडव शेजाऱ्याच्या हद्दीत दीड फूट गेलाय.” मंगलाष्टकं संपेपर्यंत दोन्ही शेजाऱ्यांचं बोलणं बंद झालं होतं.

पण मोजण्यापेक्षा मोठा त्यांचा नाद म्हणजे भीती. “भ्या बाई,” ते मला म्हणायचे, “भ्यायला स्टँपपेपर लागत नाही.”

मला भ्यायला शिकवायची गरज नव्हती. माझ्या भावानं बाँडपेपरवर प्लॉट घेऊन दोन खोल्या बांधल्या होत्या. एके दिवशी कोणी तरी येऊन भिंतीवर लाल फुली मारून गेलं. त्या फुलीखाली तो तीन वर्षं राहिला आणि चौथ्या वर्षी पाडापाडीत भिंत गेली. म्हणून आम्ही पहिलं घर घ्यायचं ठरवलं तेव्हा मी शपथच घातली, कागद आणि जागा काकांनी पाहिल्याशिवाय इसार द्यायचा नाही. सगळं शहर या माणसानं साखळीनं मोजलेलं. यांच्यापेक्षा कोणाला जास्त कळणार?

दर रविवारी आम्ही रिक्षानं निघायचो. काका, मी, आणि आमचे हे. आमचे हे चिकलठाण्याच्या कंपनीत फिटर आहेत, आणि घरात बोल्टएवढंही बोलत नाहीत.

हर्सूलला जागा छान मिळत होती. काका म्हणाले, “जवळ जेल आहे. सुटलेला माणूस आधी कोणाचं घर बघंल? जवळचं!” चिकलठाण्याला आमच्या ह्यांना कंपनी पायी गाठता आली असती. काकांनी वर बोट केलं. “विमान.” मी म्हटलं, विमान कशाला पडतंय? “नाय पडणार,” काका म्हणाले, “पण उतरताना त्याला वाटलंच पडावं, तर कुठं पडंल?” शहरालगतच्या सातारा गावात डोंगराखाली बिबट्या. पडेगावला पाणी खारं. मिटमिट्याला तर ते रिक्षातून उतरलेच नाहीत. “अहो नाव ऐका! जिथलं नावच दोनदा मिटतं, तिथं दिवा लावायला चालल्या का तुम्ही?”

पहिली दोन वर्षं मी भांडले. रिक्षातच भांडायचे, रिक्षावाला आरसा फिरवून ऐकायचा. पण भीती भिंतीतल्या ओलीसारखी असते, खालून चढते. तिसऱ्या वर्षापासून चांगली जागा दिसली की काकांच्या आधी मीच खोट शोधायला लागले. मोकळी जागा पाहिली की मला भिंत दिसायची आणि भिंतीवर फुली. भाव पाडायला तोंड उघडायचे आणि ‘बघू पुढं’ म्हणून रिक्षात जाऊन बसायचे. अडतीतल्या लोकांनी पाहिलं असतं तर हसले असते.

सहाव्या वर्षी गारखेड्याचा प्लॉट आला. विकणारा म्हातारा शेतकरी, सरळ. तीन फेऱ्यांत मी त्याला मी म्हणेन त्या भावावर आणला. बोअरला गोडं पाणी, रस्ता, शाळा. काका प्लॉटच्या चारी बाजूंनी फिरले. जेल नाही, विमान नाही, बिबट्या नाही. त्यांचं तोंड उतरत गेलं. मग म्हणाले, “जुना कागद दाखवा.”

म्हाताऱ्यानं निजामाच्या काळातली नक्कल काढली, सगळी उर्दूत. पोलीस ॲक्शननं निजाम जायच्या आधी काका चार यत्ता उर्दू शाळेत शिकलेले. खात्यातही जुने कागद तेच वाचायचे. त्यांनी ओळीवर बोट ठेवलं. “सर्फेखास,” ते म्हणाले.

“म्हंजे?”

“निजामाची खाजगी जमीन. उद्या सरकार म्हणंल, ही आमची. मग फुलीसुद्धा मारणार नाहीत बाई, सरळ यंत्र आणतील.”

विकणाऱ्या म्हाताऱ्याला उर्दूचं अक्षर येत नव्हतं, आम्हाला तर नव्हतंच. तो बिचारा ‘नाय हो, बापजाद्याचं शेत हाय’ म्हणत राहिला. मी इसाराचे पैसे पदराला बांधून परत आले. आमचे हे त्या दिवशी बोलले. म्हणाले, “राहू इथंच.” आठवड्यात तो प्लॉट दुसऱ्यानं घेतला.

कागदाची झेरॉक्स मात्र माझ्याकडं राहिली होती. काही महिन्यांनी खानावळीत सय्यद मास्तर जेवत होते. उर्दू शाळेतून निवृत्त झालेले, आमचं जुनं गिऱ्हाईक. मी कागद त्यांच्या ताटाशेजारी ठेवला. म्हटलं, “मास्तर, माझं घर ज्यानं खाल्लं तो शब्द दिसतो तरी कसा? बोट ठेवून दाखवा.”

मास्तरांनी हात धुतला, चष्मा लावला, दोनदा वाचलं. “बाई, इसमें तो कुछ नहीं है. खेत, एक बावडी, दो इमली के झाडां.”

“आणि सर्फेखास?”

“किधर है? किसने पढ़ा ये?”

मी चुलीवरची कढई खाली उतरवली, एवढं भान होतं. मग तडक काकांच्या दारात. दुपारचे चार वाजले असतील.

“काका! लई हद्दी मोजल्या लोकांच्या. तुमच्या खोटेपणाची हद्द कुठाय? मोजा!”

त्यांनी कागद पाहिला आणि नाकारलं नाही. “बसा बाई.”

“बसत नाय!”

“जेल, विमान, ते नुसतं भय घातलं. गारखेड्याला खोटच सापडंना. म्हणून कागदाला हात घातला. सगळ्या नोकरीत खोटं वाचलं नव्हतं. ते पहिलं.”

“का पण? भाडं तर वाढवत नाय तुम्ही. आम्हाला ठेवून काय मिळतंय?”

काका आतल्या खोलीकडं बघायला लागले. आत काकू असतात. अर्धांग झालं, मग नजर गेली, मग माणसं ओळखेनाशी झाली. हे मला माहीत होतं. वाटीभर भाजी मी नेऊन द्यायचेच. जे माहीत नव्हतं ते काकांनी तेव्हा सांगितलं.

“तुम्ही घर बघायला लागायच्या आधी जत्रेला गेल्या होत्या, चार दिवस. ते चार दिवस हिची सकाळ झाली नाही. तोंड धुवंना, चहा घेईना. म्हणायची, अजून उजाडायचंय. भिंतीपलीकडं तुमच्या भाकरी थापायचा आवाज आला की हिला दिवस कळतो, बाई. दुसऱ्या कशानं कळत नाही. मी परात घेऊन बसलो, थापून पाहिलं. म्हणाली, कोण मेला चेष्टा करतोय?”

मी म्हटलं, सहा वर्षं थापा मारल्या, ही आणखी एक.

“खरं वाटत नसंल,” काका म्हणाले, “तर थापा.”

गेले मी. रागानं पीठ मळलं, रागानं गोळा परातीत टाकला आणि थापायला लागले. मला वाटतं, इतकी वाईट भाकरी मी आयुष्यात थापली नसेल. सात-आठ थापा पडल्या असतील, तोच भिंतीपलीकडून काकूंचा ठणठणीत आवाज आला, “अहो, उजाडलं! दात घासायला राखुंडी द्या!”

आणि दुपारी चार वाजता मोजणीकाका राखुंडीची डबी, तांब्या आणि तसराळं घेऊन पळत आत गेले. पावलं न मोजता.

मी भांडायला गेले होते आणि सकाळ करून आले.

त्यानंतर मी काकांना न विचारता देवळाईला प्लॉट घेतला, घर बांधलं. कागद तीन जणांना वाचायला दिले. छत टाकलं, रंग झाला, वास्तुशांत झाली. काका आले, चारी बाजूंनी मोजलं, म्हणाले, “सगळं हद्दीत आहे. भ्यायचं काही नाही. जा बाई.”

त्याला वर्ष होऊन गेलं. माझ्या नावाच्या घराला कुलूप आहे आणि मी अजून भाड्याच्या खोलीत भाकरी थापते. आमचे हे विचारतात, कधी जायचं? मी म्हणते, पुढच्या महिन्यात. जेलला भ्याले, विमानाला भ्याले, ते परवडलं. ती भीती बाहेरच्या गोष्टींची होती. आता रोज परातीवर हात पडायच्या आधी माझा जीव दचकतो, की एक दिवस हा हात देवळाईला असेल आणि इथं कोणी तरी डोळे मिटून उजाडायची वाट बघत पडलेलं असेल. ही भीती माझी नव्हती. ती तुम्ही माझ्या पदरात बांधली, काका, मला न विचारता.

तुम्ही हे वाचाल, मला ठाऊक आहे. ‘जा बाई’ म्हणू नका. मी गेले तर काकूंची सकाळ कोण करणार, तेवढं सांगा. तोंडी नको, लिहून द्या.