तुपातलं गंधक

सुनेच्या बोटांची खाज कुठल्याच मलमाने जाईना, तेव्हा ती ऑफिसला गेल्याबरोबर अप्पांनी कपाटामागे दडवलेली लोखंडी कढई बाहेर काढली. दवाखाना बंद करून वैद्यबुवा मुलाच्या फ्लॅटमध्ये राहायला आले, त्याच दिवशी सुनेने बजावलं होतं, "अप्पा, स्वयंपाकघरात औषधं बनवायची नाहीत हं!" पण मलमात घालायचं गंधक आधी शुद्ध तर करायला हवं!

दुधाच्या पातेल्याला त्यांनी फडकं बांधलं, कढईत तूप सोडलं आणि पिवळीधमक पूड घातली. वितळली की फडक्यावर ओतायची; गाळ वर राहतो, गंधक दुधात जाऊन बसतं. वास सुटला आणि अप्पा मनाने तडक जुन्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत पोचले. तिथे हा वास आला की बाकावरचे रोगी खूश व्हायचे, "आज ताजं मलम!" समोरची शिंपीणबाई तर वाटी घेऊनच यायची. आणि बायको नाकाला पदर लावून ओरडायची, "अहो, आच कमी करा!"

आता ओरडायला कोणी नव्हतं. आच मोठीच राहिली.

"गॅस लीक झालाय! सगळे खाली उतरा!" जिन्यात एकच गलका उडाला. अप्पा दचकले. शेगडी बंद केली, चपला घातल्या आणि शेजारच्या आजींचा हात धरून तेही मुकाट्याने खाली उतरले.

खाली बंबाची गाडी आली. चेअरमन घामाघूम झाले होते. "कसला वास आहे कोण जाणे!"

अप्पांनी नाक वर करून नीट हुंगलं. "गॅस नाही हो हा. तुपातलं गंधक आहे. जरासं करपलंय."

"तुम्हाला कसं कळलं?"

अप्पांनी पिवळी झालेली बोटं घाईघाईने पाठीमागे नेली.

एवढ्यात चेअरमनांचा फोन गेल्यामुळे सून ऑफिसातून धावतपळत आली. सासऱ्यांची पिवळी बोटं पाहून तिने कपाळाला हात लावला आणि सगळ्यांची माफी मागितली.

वर आल्यावर अप्पा हळूच म्हणाले, "तुझ्या हातांसाठी करत होतो गं. पुन्हा नाही करणार."

सुनेने खिडक्या उघडल्या, कढईत डोकावून पाहिलं.

"गंधक उरलंय का?"

"आहे थोडं."

"मग रविवारी गच्चीवर करू. मी बसते शेजारी."

"तू कशाला? तुला काय कळतंय त्यातलं?"

"गंधक तुम्ही शुद्ध करा हो अप्पा," सून म्हणाली, "पण शेजारी एक माणूस शुद्धीवर हवं."