सुवार्ता साळू आणि नेतृत्वाचा दाखला

एका जंगलात एक मंडळी होती. मंडळी म्हणजे काय, ठाऊक आहे ना मुलांनो? दर रविवारी वडाखाली जमून देवाची गाणी गाणारी, प्रार्थना करणारी आणि नंतर चहाला थांबून एकमेकांच्या घरची चौकशी करणारी. ए मागच्या, हसू नकोस. तुझ्या घरचेही कुठे ना कुठे जमतातच.

या मंडळीची एक रीत होती. डोळे उघडे असले की सगळे गोड बोलायचे. पण डोळे मिटून प्रार्थना सुरू झाली, की खरं तेच तोंडातून बाहेर पडायचं. देवापुढे खोटं कसं बोलणार? त्यामुळे कुणाच्या घरात काय शिजतंय, हे देवाला आणि अख्ख्या जंगलाला एकाच वेळी कळायचं.

तर या मंडळीत सुवार्ता नावाची एक साळू होती. अंगावर काटे भरपूर आणि डोक्यात प्रश्न त्याहून भरपूर. तिला शास्त्रज्ञ व्हायचं होतं. डोंगरापलीकडे एक विज्ञानशाळा होती. या जंगलातून तिथे दर वर्षी एकालाच घ्यायचे. सुवार्ताला ती जागा हवी होती. इतकी हवी होती, की बोरं गोड लागेनाशी झाली होती.

ती रोज सकाळी पंजे जोडून म्हणायची, "प्रभू, हे जग तू केलंस. कसं केलंस, तेवढं मला बघू दे."

महिला मंडळाच्या अध्यक्षा दबोराबाई टिटवी यांना ही प्रार्थना आगाऊपणाची वाटायची.

"अगं पोरी, देवाच्या स्वयंपाकघरात कशाला डोकावतेस?"

"वास फार छान येतो, मावशी."

बघा! असं उत्तर दिल्यावर कुणाला राग येणार नाही?

एकदा काय झालं, जंगलात हगवण सुरू झाली. ससे आडवे, डुकरं आडवी. पाळकसाहेबही आडवे. पाळकसाहेब म्हणजे मंडळीची उपासना चालवणारं म्हातारं कासव. ते आडवे झालेत हे कळायलाच दोन दिवस लागले. मंडळीने ठरवलं, येत्या शुक्रवारी मोठी उपास-प्रार्थना ठेवायची. वड झाडून काढला. गाणी निवडली. दबोराबाईंनी घशासाठी ज्येष्ठमध चघळायला सुरुवात केली.

सुवार्ताने मात्र पळसाच्या पानांचे द्रोण केले. ओढ्याचं पाणी तीन ठिकाणांहून भरलं, उन्हात ठेवलं आणि बघत बसली. कोण कुठलं पाणी पितं, कोण आजारी पडतं, हे खडकावर काट्याने ओरखडत गेली. चार दिवसांत कळलं. ओढ्याच्या वरच्या अंगाला गवे लोळत होते आणि खालच्या अंगाला सगळं जंगल ते पाणी पीत होतं.

आता गवे म्हणजे कोण, तर मंडळीचे वडील सभासद. पहिल्या रांगेत बसायचे. खरं तर एकेकजण पहिली रांगच असायचा. त्यांना कोण सांगणार, की काका, जरा पाणवठ्याच्या खाली जाऊन लोळा?

सुवार्ता गेली. सगळ्यात मोठ्या गव्यासमोर ती उभी राहिली आणि मनात म्हणाली, "प्रभू, आता तूच."

मग मोठ्याने म्हणाली, "काका, तुमच्या अंगाचा चिखल सशांच्या पोरांच्या पोटात जातोय. खाली लोळाल का?"

गव्याने नाकातून फुस्स केलं. सुवार्ता हलली नाही. गवा उठून खाली गेला, मागोमाग बाकीचेही गेले. खरं सांगायचं, तर त्याला आजवर कुणी विचारलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी सुवार्ताने अजून उभ्या असलेल्या डुकरांकडून वाळू उकरून घेतली, सशांकडून कोळसा वाहून आणवला आणि पाण्याच्या वाटेत त्यांचा जाड थर घातला.

बुधवारी हगवण थांबली.

मंडळीची केवढी गैरसोय झाली म्हणून सांगू! शुक्रवारची उपास-प्रार्थना आणि बुधवारीच सगळे खडखडीत बरे! शुक्रवारी वडाखाली अकराजण आले. निवडलेली गाणी तशीच राहिली. ज्येष्ठमध वाया गेलं.

त्याच महिन्यात विज्ञानशाळेचा फॉर्म आला. त्यात एक ओळ होती : 'विद्यार्थ्यात नेतृत्वगुण असल्याचा स्थानिक मंडळीचा दाखला जोडावा.'

सुवार्ता धावत पाळकसाहेबांकडे गेली. पाळकसाहेबांनी मान बाहेर काढली.

"बाळ, तू कुठल्या समितीची अध्यक्षा आहेस?"

"कुठल्याच नाही."

"उपाध्यक्षा? निदान खजिनदार?"

"नाही, साहेब."

"मग नेतृत्व कुठून आणू?" पाळकसाहेब कळवळून म्हणाले. "ओढ्याचं केलंस ते ठीक आहे. पण ते तू समिती न नेमता केलंस. अशाला मंडळीत नेतृत्व म्हणत नाहीत. अशाला लुडबुड म्हणतात."

आणि त्यांनी मान आत घेतली. कासवाशी वाद घालता येत नाही मुलांनो. समोर नुसती पाठ उरते.

दाखला मिळाला शमशोन रानकोंबड्याला. शमशोन म्हणजे मंडळीच्या सेक्रेटरींचा मुलगा आणि तरुण संघाचा अध्यक्ष. त्याच्याकडे आधीच सतरा दाखले होते. स्वागत समितीचं स्वागत केल्याबद्दल एक. गायनात भाग न घेऊन गायनाला मदत केल्याबद्दल एक. त्यात हा अठरावा.

सुवार्ता त्या दिवशी बिळात जाऊन रडली. साळूला कुणी जवळ घेत नाही, त्यामुळे तिला एकटीनेच रडावं लागलं.

रविवारी विज्ञानशाळेचे डॉक्टर करकोचे स्वतः निवड करायला आले. ते मंडळीत नवखे. मागे वडाच्या मुळावर एका पायावर उभे राहिले. पंखाखाली शमशोनच्या दाखल्यांचा गठ्ठा होता. उपासना संपली, की नाव सांगून ते उडून जाणार होते.

उपासनेच्या शेवटी पाळकसाहेब नेहमीप्रमाणे म्हणाले, "कुणाची प्रार्थना-विनंती?"

शमशोन ऐटीत उभा राहिला. "माझ्या उज्ज्वल भवितव्यासाठी."

सुवार्ताही उठली. "माझ्याकडे दाखला नाही. मला विज्ञानशाळेत जायचंय. माझ्यासाठी प्रार्थना करा."

प्रार्थनेला नाही कसं म्हणणार? सगळ्यांनी डोळे मिटले. आधी पाळकसाहेबांनी शमशोनसाठी सुरुवात केली.

"हे दयाळू बापा, शमशोनला तू जाणतोस. मुंगी कुठली आणि वाळवी कुठली, हे त्याला अजून कळत नाही. परवा तो सूर्य आपल्या आरवण्याने उगवतो असं म्हणाला. आम्ही समजावलं, पण ऐकत नाही. त्याचे वडील सेक्रेटरी आहेत, आमचाही नाइलाज आहे. तुला अशक्य असं काहीच नाही, म्हणून हे प्रकरण तुझ्या हाती सोपवतो. आमेन."

डॉक्टर करकोच्यांनी दुसरा पाय खाली ठेवला.

मग दबोराबाई सुरू झाल्या. टिटवीचा आवाज. डोंगरापलीकडे जाईल असा.

"हे प्रभू, या पोरीला प्रश्न विचारायच्या खोडीतून सोडव! एक उत्तर दिलं, की हिचे चार प्रश्न तयार. परवा तर हिने कमाल केली. ओढ्याचं पाणी द्रोणांत भरून चार दिवस टक लावून बघत बसली. जेवायलाही उठली नाही. मग गव्यापुढे जाऊन उभी राहिली, प्रभू! जिथे आमच्या पाळकसाहेबांचं धाडस होत नाही, तिथे! आणि गवा उठला! हिच्या एका शब्दावर डुकरांनी वाळू उकरली, सशांनी कोळसा वाहिला. आम्ही अध्यक्षा असून आमचं कुणी ऐकत नाही, हिचं सगळं जंगल ऐकतं. बुधवारीच रोगराई थांबवली हिने, शुक्रवारपर्यंत थांबायचं भानही नाही! प्रभू, हिला नम्र कर. नाहीतर इथून कुठेतरी दूर घेऊन जा. आमेन!"

"आमेन!" अख्खी मंडळी गरजली. इतकी मनापासून आमेन त्या वडाने कधी ऐकली नव्हती.

सुवार्ताला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. तेवढ्यात डॉक्टर करकोचे पुढे आले.

"पाळकसाहेब, बाई आत्ता जे बोलल्या ते खरं आहे?"

पाळकसाहेब दुखावले. "साहेब! प्रार्थनेत खोटं कोण बोलेल?"

"आणि तुम्ही शमशोनबद्दल बोललात ते?"

पाळकसाहेबांनी मान आत घेतली.

डॉक्टर सुवार्ताकडे वळले. "तू प्रार्थनाही करतेस आणि प्रयोगही. मग पाणी कशाने स्वच्छ झालं?"

"वाळूने आणि कोळशाने," सुवार्ता म्हणाली.

"आणि प्रार्थनेने काय झालं?"

"गव्यासमोरून मी पळाले नाही."

डॉक्टरांनी गठ्ठा शमशोनला परत दिला. "उद्या सकाळी निघायचं. द्रोण घेऊन ये," ते सुवार्ताला म्हणाले. ती हसली आणि रडलीही. यावेळी दबोराबाईंनी तिला जवळ घेतलं, काटे टोचले तरी सोडलं नाही. बाई मनाने वाईट नव्हत्या मुलांनो. नंतर मात्र त्या जंगलभर सांगत सुटल्या, "माझ्या प्रार्थनेचं फळ!" आणि तेही खोटं नव्हतं.

सुवार्ता गेली. महिन्याभराने एक गवा हळूच वरच्या अंगाला येऊन लोळला. मग दुसरा आला. त्यांना खाली जा म्हणायला कुणी गेलं नाही. वाळूचा थर नीट करायला समिती नेमली, शमशोन तिचा अध्यक्ष झाला. हगवण परतली. शुक्रवारच्या उपास-प्रार्थनेला वडाखाली पाय ठेवायला जागा उरली नाही.

दबोराबाईंनी पोट धरून, डोळे मिटून प्रार्थना केली, "हे प्रभू, आम्हाला एखादी प्रश्न विचारणारी पोर पाठव!"

मग एक डोळा किलकिला करून शेजारी बसलेल्या आपल्या लेकीकडे पाहिलं आणि घाईघाईने पुढे म्हणाल्या, "दुसऱ्या कुणाच्या तरी घरातली."

तात्पर्य : मुलांनो, पुढे जायचं असेल तर दाखल्यासाठी कुणाचे पाय धरू नका. तुमच्यावर चिडलेल्या मोठ्या माणसांना गाठा आणि तुम्ही सुधारावं म्हणून त्यांना मोठ्याने प्रार्थना करायला लावा. मात्र त्याआधी ते चिडतील असं एखादं चांगलं काम करून ठेवा.