जिनिंगमागच्या कॉलेजचे ढोलेबाबू

कॉलेजात ॲडमिशन देण्यासाठी पगार घेणारा आणि ॲडमिशन मागणाऱ्याला परत पाठवणारा माणूस मी एकच पाहिला. ढोलेबाबू. यवतमाळकडच्या नेरला, कापसाच्या जिनिंगच्या मागं आमचं कॉलेज आहे, तिथले ते प्रवेशाचे बाबू.

जून-जुलैत त्यांच्या खिडकीपुढं पोरं रांगेत उभी असायची. फॉर्म आत सरकवला की ढोलेबाबू तो उलटासुलटा करून बघायचे, चष्मा कपाळावर चढवायचे आणि विचारायचे,

"दुसरीकडं पाह्यलं का?"

"नाही बाबूजी."

"मंग पाहून ये. कायची घाई हाय? हे कॉलेज कुठी पळून नाही चाललं."

आणि फॉर्म परत. आमचे प्राचार्य या प्रकारानं पार टेकीला आले होते. एकदा त्यांनी सगळ्यांदेखत विचारलं, "ढोले, तुम्ही या कॉलेजचे नोकर आहात की दुश्मन?" ढोलेबाबू शांतपणे म्हणाले, "सर, येणारे येतातच. पण पाहून तं येऊ द्या."

मला त्यांनी तीनदा परत पाठवलं. मला बारावीला एकाहत्तर टक्के होते आणि जायचं होतं पुण्याला. पण घरी पुण्याचं नाव काढलं की आई टीव्हीचा आवाज वाढवायची. चौथ्या दिवशी बाबा शेतातलं फवारणीचं काम टाकून माझ्यासोबत आले. खिडकीत डोकं घालून म्हणाले, "बाबूजी, ॲडमिशन देता का पोट्टी वापस नेऊ?" तेव्हा ढोलेबाबूंनी सही केली. चेहरा असा, की जणू माझ्या मृत्यूच्या दाखल्यावर करताहेत.

महाराष्ट्रातल्या प्रत्येक गावच्या कॉलेजांबद्दल त्यांचं मत ठरलेलं होतं आणि ते विचारावं लागत नसे.

"लातूर? तिथं पोरगं हसलं तं मार्क कापतेत."

"कोल्हापूर? तिकडं हजेरी देताना 'यस सर' नाही चालत, दहा जोर मारा लागतात."

"मुंबईचं कॉलेज लिफ्टमधी असते. एक मजला चुकला का डायरेक्ट दुसऱ्या विद्यापीठात."

"नागपूरचे पोट्टे कॉलेजात कमी, अन कॉलेजासमोरच्या पोह्याच्या ठेल्यावर जास्त."

"अमरावती म्हणजे मोठ्या बहिणीचं घर. रुसलं तं संध्याकाळच्या एसटीनं वापस."

आणि यवतमाळचा विषय निघाला की ते खुर्ची पुढं ओढायचे. "यवतमाळवाले नेरवाल्याले खेड्यातले समजतेत. अमरावतीवाले यवतमाळवाल्याले समजतेत. अन पुण्याले गेले का तिघंही एकाच खोलीत राह्यतेत, एकाच कुकरमधी खिचडी लावतेत."

"आणि पुणं, बाबूजी?"

पुण्यावर मात्र ते बोलत नसत. "ते मोठं हाय," एवढंच म्हणायचे आणि स्टॅम्पपॅडवर शाई टाकायला लागायचे. आम्हाला वाटायचं, या माणसानं अमरावतीच्या पुढं पाऊल टाकलेलं नाही, पुण्याचं काय सांगणार!

आम्ही त्यांच्या नकला करायचो. माझी नक्कल सगळ्यात चांगली व्हायची. कपाळावर चष्मा, नाकातला आवाज, "दुसरीकडं पाह्यलं का?" वर्ग लोटपोट व्हायचा. खरं सांगायचं तर त्या नकलेत माझा राग होता. त्यांच्यावर नाही, कॉलेजवर. बारावीच्या माझ्या मैत्रिणी इन्स्टावर मोठमोठ्या दगडी इमारतींसमोर उभ्या राहून फोटो टाकायच्या. माझ्या कॉलेजचा फोटो काढला की मागं सरकीचा ढीग यायचा. दोन वर्षांत मी कॉलेजचा एकही फोटो टाकला नाही. कोणी विचारलं की मी विषय बदलायची. कधी न बदलता खोटं बोलायची.

असंच दुसऱ्या वर्षाला असताना बोलले. माझ्या मावसबहिणीचं, सोनालीचं लग्न यवतमाळला होतं. वऱ्हाड नाशिकचं. नवरदेवाची बहीण, ऋता, माझ्याच वयाची होती. बोलायला फार गोड. जेवायला आम्ही चार-पाच जणी गोल खुर्च्या करून बसलो तेव्हा तिनं विचारलं, "तू कुठली गं?"

"नेरची."

"नेरळ? माथेरानच्या खालचं?"

"नाही, नेर."

"अच्छा," ती म्हणाली. त्या 'अच्छा'मध्ये माझ्या गावाला बसायलासुद्धा जागा नव्हती. "मग कॉलेज?"

आणि माझ्या तोंडून पुण्याच्या एका नावाजलेल्या कॉलेजचं नाव गेलं. ते कसं गेलं ते मला अजून कळलेलं नाही. सगळ्यांचे चेहरे एकदम बदलले. ऋता म्हणाली, "वॉव!" त्या एका शब्दानं मला चढली. मी कँटीन सांगितलं, गेटातून शिरल्यावर उजव्या हाताला, गुलमोहराखाली. होस्टेल सांगितलं. रूममेट सांगितली, ती सोलापूरची होती आणि घोरायची.

"मग नेरला कॉलेज नाहीच का?"

इथं मी गप्प बसले असते तरी चाललं असतं. पण मी म्हटलं, "आहे की एक, जिनिंगच्या मागं. ज्यांना कुठंच घेत नाहीत ते तिथं जातात. तिथला बाबू तर पाहण्यासारखा आहे." आणि चष्मा नव्हता म्हणून मी चमचा कपाळावर धरला, नाकातून आवाज काढला आणि ढोलेबाबू केले. लातूर केलं, मुंबईची लिफ्ट केली. ऋताला ठसका लागला. आजूबाजूच्या बायकाही हसायला लागल्या.

तेवढ्यात माझे मावसे वाढप्यांना सूचना देत तिकडून चालले होते. ते थांबले आणि माझ्या खुर्चीच्या मागं हात करून म्हणाले, "अगं, हे बघ कोण आलंय. तुमच्या नेरच्याच कॉलेजातले ढोलेबाबू. माझ्या मोठ्या भावाचे वर्गमित्र. ओळखतेस ना? बाबूजी, ही आमच्या साळीची पोरगी." एवढं बोलून ते मठ्ठ्याच्या ड्रमकडे पळाले.

मी वळले. ढोलेबाबू माझ्या अगदी पाठीशी बसले होते. पाठीला पाठ. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट, मांडीवर ताट, ताटातली जिलेबी अर्धी खाल्लेली. चष्मा डोळ्यांवर होता.

माझ्या हातात चमचा होता. तो कुठं ठेवावा ते सुचेना.

ऋतानं मोठ्या उत्साहानं विचारलं, "काका, तुम्ही ओळखता हिला?"

ढोलेबाबूंनी रुमालानं बोटं पुसली. माझ्याकडे नीट पाहिलं. मी त्यांच्या खिडकीत दोन वर्षं परीक्षेचे फॉर्म भरत होते, त्यांनी मला नावानं हाक मारली होती, माझ्या बाबांना ते ओळखत होते.

"नाही बा," ते म्हणाले. "आमच्याकडं नाही ही पोरगी. असती तं लक्षात राह्यली असती."

मग ते उठले, ताट टबात ठेवलं आणि हात धुवायला गेले. जिलेबी तशीच राहिली होती.

त्यानंतर चार दिवस मी ऑफिसच्या बाजूनं गेलेच नाही. वर्गात जायचं तर मागच्या कुंपणाला वळसा घालायची. कोणी हसलं की वाटायचं, यांना कळलं. पण कोणालाच काही कळलं नव्हतं, कारण ढोलेबाबू कोणाजवळ काही बोललेच नव्हते. ते बोलले असते, प्राचार्यांकडे गेले असते, बाबांना फोन केला असता, तर मला बरं वाटलं असतं.

पाचव्या दिवशी स्कॉलरशिपसाठी बोनाफाईड लागलं. दुपारी खिडकीपुढं कोणी नाही असं पाहून मी गेले. त्यांनी रजिस्टर काढलं, माझं नाव शोधलं, लिहायला सुरुवात केली.

"बाबूजी," मी म्हटलं, "त्या दिवशी लग्नात..."

"कोणत्या लग्नात?"

"बाबूजी, मला माफ करा. मी तुमची..."

"नक्कल बरी करते तू," ते लिहिता लिहिता म्हणाले. "पण मी 'पाह्यलं' म्हणतो तवा इतका लांबवत नाही." मग पेन ठेवून त्यांनी इकडंतिकडं पाहिलं आणि आवाज बारीक केला. "अन एक ध्यानात ठेव. गेटातून आत गेलं का कँटीन डाव्या हाताले हाय. तूनं उजव्या हाताले सांगतलं. तिथं शिकलेलं कोणी भेटलं तं पकडन तुले."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. हा माणूस मला रागवत नव्हता. माझं खोटं नीट बसवून देत होता.

"तुम्हाला कसं माहीत?"

"गेलतो ना मी तिथं शिकाले. बारा दिवस." त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "आता बदललं असन तं मले माहीत नाही. पह्यल्या दिवशी मास्तरनं नाव विचारलं. मी उभा राहून म्हटलं, मले ढोले म्हणतेत. सारा वर्ग हसला. त्या दिवसापासून माहं नाव 'मले' पडलं. 'ए मले, इकडं ये.' 'मले आला रे.' बारा दिवस कोणी ढोले म्हटलं नाही. तेराव्या दिवशी मी गाडीत बसलो."

बाहेर जिनिंगचा आवाज चालू होता. मला त्यांच्याकडे बघवेना. त्या सोलापूरच्या रूममेटसकट, चमच्यासकट सगळं माझ्या अंगावर आलं.

काहीतरी करायलाच हवं होतं. मी तिथंच मोबाईल काढला आणि ऋताला फोन लावला. ती "हाय!" म्हणाली त्याबरोबर मी एका दमात सांगून टाकलं, की मी पुण्यात शिकत नाही, नेरच्या त्याच कॉलेजात शिकते, मी खोटं बोलले.

ऋता हसली. "अगं, माहितीये. सोनालीवहिनीनं आम्हाला दुसऱ्याच दिवशी सांगितलं. तुझं काही नाही गं, सगळेच बोलतात. पण ते काका! स्वतःच्या कॉलेजची मुलगी समोर बसलीय आणि म्हणे ओळखत नाही! आमच्याकडे अजून हसतात सगळे. कसले बाबू असतात हे तुमच्याकडे!"

मी फोन ठेवला.

ढोलेबाबू खिडकीतून माझ्याकडे बघत होते. "काय म्हणली?"

मला ते सांगता आलं नाही. मी म्हटलं, "रागावली."

"रागावणारच. कायले सांगतलं मंग खरं? सारं निपटलं होतं ना." त्यांना मनापासून वाईट वाटलं होतं. मग बोनाफाईडवर शिक्का मारून ते उठले आणि दारातून बाहेर आले. दोन वर्षांत मी त्यांना कॉलेजात खिडकीच्या बाहेर पहिल्यांदाच बघत होते. ते माझ्यापेक्षा बुटके होते. खिडकीत ते कधी कळलं नव्हतं.

"चाल," ते म्हणाले.

त्यांनी मला कॉलेज दाखवलं. जसं घरी आलेल्या पाहुण्याला नवीन बांधलेलं घर दाखवतात तसं. "ही लायब्ररी. आधी इथं सायकल स्टँड होतं." "हा हॉल. त्या कोपऱ्यात पावसाळ्यात गळते, पण स्टेजवर नाही गळत." "हे बोअरिंग. नेरमधी नळाले पाणी नव्हतं तवाही याले होतं." मी मागं मागं चालत होते. या प्रत्येक जागेवरून मी शेकडो वेळा गेले होते आणि मला यातलं काही माहीत नव्हतं. मान वर करायचा धीर होत नव्हता, तरी ते हात करायचे तिकडं मी बघत होते.

"बाबूजी," शेवटी मी विचारलं, "इतकं आवडतं तर पोरांना वापस का पाठवता?"

त्यांनी किल्ल्यांचा जुडगा एका हातातून दुसऱ्या हातात केला.

"इथं येते तो हरून येते," ते म्हणाले. "तीन वर्षं मान खाली घालून बसते अन निघून जाते. मले वाटते, एखाद्यानं तरी सारं पाहून यावं अन म्हणावं, बाबूजी, मले इथंच शिकाचं हाय. इतक्या वर्षांत एकही पोट्टं नाही म्हणलं."

मला तेव्हा म्हणता आलं असतं, की मी म्हणते. पण त्या दिवशी माझ्या तोंडून निघालेल्या कुठल्याच शब्दावर माझा भरवसा उरला नव्हता.

शेवटच्या खोलीचं कुलूप त्यांनी उघडलं. आत मोडके डेस्क रचून ठेवले होते, भिंतीशी एक लाकडी बाक होता.

"पह्यल्या वर्षी हाच वर्ग होता. पुण्याहून आलो तं बाप घरात घेईना. इथं नुकतंच कॉलेज निघालतं. सर म्हणाले, ये बस. इथं बसत होतो मी." त्यांनी बाकावर हात फिरवला, तळहाताला धूळ लागली.

"आणि बाजूला कोण बसायचं?" मी विचारलं.

"आम्ही सात जण होतो. पुढच्या साली सहा जण अमरावतीले गेले. मंग सर मले एकट्यालेच शिकवत. उभं राहून, फळ्यावर लिहून, जसं काही सारा वर्ग भरला हाय."

मी ओढणीनं बाक पुसला आणि एका कडेला बसले. ढोलेबाबू दारात उभे राहिले, एकदा ऑफिसकडे बघितलं, कोणी खिडकीपुढं नव्हतं. मग आत आले आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला, अंग चोरून, बसले.