दाबात गेलेला समुद्र

शुद्धलेखनाच्या चुका आणि साधेसुधे शब्द पोटात घाला. लिहिणाऱ्याची शाळा लवकर सुटली, आणि ही गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही.

एक लाजाळू शिंपी होता. (तो कोण, ते विचारू नका.) त्याची ताई लांबच्या देशात, आणि तिचे दिवस भरत आलेले. भावजी आईचं विमानाचं तिकीट काढायला बसले होते. पण आई हटून बसली.

"आधी सांगा, किती लांब? आणि मधे पाणी किती?"

आईला पाण्याचं भारी भय. बादलीसुद्धा ती अर्धीच भरायची.

शिंप्याने भिंतीवरच्या कापडी नकाशावर टेप लावला आणि हिशेब करून सांगितलं, "बारा हजार किलोमीटर."

भावजी फोनवर म्हणाले, "छे! नऊ हजार."

"मग तीन हजार गेले कुठे?"

"अरे, पृथ्वी गोल आहे. विमान वरच्या अंगाने वळसा घालून जातं, म्हणून अंतर कमी पडतं."

वळसा घातला की कमी पडतं? शिंप्याचं डोकं गरगरलं. गिऱ्हाइकाच्या पोटाला वळसा घातला की कापड जास्तच लागतं, हा त्याचा रोजचा अनुभव.

"तुमचं दोघांचंच जमेना," आई म्हणाली, "मग त्या विमानवाल्याला तरी कुठून ठाऊक असणार? मी नाही जात."

तिकडे ताई फोनवर रडकुंडीला आलेली. शिंप्याने ठरवलं, पृथ्वी गोल आहे ना, मग गोलच शिवू! त्याने टोपीला कापतात तशा नकाशाच्या फाका कापल्या, आत चिंध्या ठासल्या आणि गोळा शिवला. सवयीने प्रत्येक शिवणीला भरपूर दाब ठेवला, म्हणजे आत दुमडलेलं जादा कापड. (पुढेमागे उसवून वाढवता येतं. पृथ्वीचं काय सांगावं!)

"हे बघ आई. हे आपण. ही ताई."

"आणि समुद्र?"

शिंप्याने गोळा फिरवला. पुन्हा फिरवला. कात्री नेमकी समुद्रातून गेली होती आणि अख्खा समुद्र दाबात गडप झाला होता.

"अगंबाई, ही तर पलीकडच्याच गल्लीत राहते!"

"तसं नाही गं, समुद्र आत..."

"आत आहे ना? मग राहू दे आतच." आई बॅग भरायला उठलीसुद्धा. शिंप्याने तोंड उघडलं, ताईची आठवण झाली, आणि मिटलं.

आई पोचली. दोन दिवसांनी तिचा फोन आला. "तुला भाची झाली रे! आणि समुद्र होता हं. संपता संपेना."

"भीती वाटली?"

"वाटली की! पण उतरणार कुठे? गिऱ्हाइकं ओरडतात ते काही खोटं नाही. निम्मं कापड तू दाबातच घालवतोस."

दुसऱ्या दिवशी सकाळी शिंप्याने लवकर दुकान उघडलं, भाचीसाठी झबलं बेतलं, दाब अजिबात न ठेवता शिवलं आणि टपालाने धाडून दिलं. ते पोचलं तेव्हा भाची रांगायला लागली होती, तिचा एक हातसुद्धा त्यात शिरेना. अंतर किती, ते शिंप्याला तेव्हा कळलं.