दोघांचा राजीनामा

कामाची योजना कशी आखावी आणि आखलेल्या योजनेवर ताबा कसा ठेवावा, हे मला कुणी शिकवायची गरज नाही, असं मी १९७४ साली छातीठोकपणे सांगत असे. कारण ते मला नुकतंच शिकवण्यात आलं होतं. सरकारने मला तीन आठवड्यांच्या प्रशिक्षणाला हैदराबादला पाठवलं होतं आणि तिथून मी एक प्रमाणपत्र, एक जाडजूड वही आणि बराचसा आत्मविश्वास घेऊन चंडीगडला परतलो होतो.

मी विश्राम गोगटे, मूळचा सांगलीचा. केंद्र सरकारच्या एका कार्यालयात तेरा वर्षं नोकरी झाली होती आणि सहा महिन्यांपूर्वी बदलीवर चंडीगडला आलो होतो. शहर मला पहिल्या दिवसापासून आवडलं. सगळं आखून मग बांधलेलं. सांगलीत आधी घर बांधतात आणि मग रस्ता कुठून काढायचा यावर भांडतात.

आमच्या कार्यालयाचं वर्कशॉप दोन सेक्टर पलीकडे नव्या इमारतीत हलवायचं होतं. एकेचाळीस यंत्रं आणि मुदत तीन महिने. डायरेक्टर भल्लासाहेबांनी योजनाप्रमुख म्हणून मला नेमलं. मी आठ दिवस दार लावून बसलो आणि नऊ फूट लांबीचा तक्ता तयार केला. झालेलं काम हिरवं, चालू असलेलं पिवळं, रखडलेलं लाल.

पण तक्ता म्हणजे नुसती योजना. नियंत्रणाचं काय? त्यासाठी मी नियंत्रण-चिठ्ठी काढली. पाच चौकटी, पाच सह्या आणि सगळ्यात खाली एक ओळ : ‘देरी का कारण’. पाच सह्या झाल्याशिवाय कोणतंही यंत्र वा कोणताही कागद पुढे सरकणार नाही, असा नियम मी स्वतःच्या हाताने लिहून भिंतीवर लावला. हिंदीत लिहिला. माझ्या हिंदीच्या तीन परीक्षा झालेल्या आहेत.

वर्कशॉपचे फोरमन सरदार करतारसिंग. वयाने माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठे, बोलणं कमी. त्यांनी तो नियम सावकाश वाचला आणि म्हणाले, “नाम विश्राम है, और आराम किसी को नहीं.” बाकीचे हसले. मी हसलो नाही. नियंत्रण करणाऱ्याने हसायचं नसतं, हे वहीत होतं.

पहिल्याच महिन्यात त्यांच्या भाचीचं रोपडला लग्न निघालं. त्यांनी दोन दिवसांच्या रजेचा अर्ज दिला. रजेचा अर्ज हाही कागदच, म्हणून मी त्याला चिठ्ठी लावली. चिठ्ठी पाच टेबलं फिरून आठ दिवसांनी परत आली. रजा मंजूर झाली होती. लग्न आदल्या दिवशी होऊन गेलं होतं. करतारसिंगांनी तो मंजूर अर्ज घडी करून खिशात ठेवला आणि ते कामाला लागले. तेव्हा मला काहीच वाटलं नाही, हे आज सांगताना लाज वाटते. उलट सगळ्या चौकटी भरल्याचं समाधान वाटलं.

मग आला लेथचा गुरुवार. तीन टनांचा मोठा लेथ हलवायला क्रेन शुक्रवारी यायची होती, ती गुरुवारीच आली. करतारसिंगांनी वेळ न दवडता लेथ उचलून ट्रकवर चढवला. ट्रक फाटकाशी पोचला आणि मी आडवा आलो.

“चिठ्ठी?”

“चार दस्तख़त हैं जी. पाँचवाँ स्टोरकीपर का, वो आज छुट्टी पे है.”

“तो लेथ भी आज छुट्टी पे रहेगा,” मी म्हणालो. हे वाक्य मला फार आवडलं होतं.

“गोगटे साब,” करतारसिंग शांतपणे म्हणाले, “ख़राद चिट्ठी से नहीं उठता, क्रेन से उठता है.”

ख़राद म्हणजे लेथ, एवढं मला माहीत होतं. मी हललो नाही. तासाभराने ट्रकवाल्याला दुसरी भाडी होती. तो म्हणाला, माल उतरवून घ्या. क्रेनने लेथ जिथे होता तिथेच, फाटकाच्या तोंडाशी उतरवला आणि क्रेन निघून गेली. पुढची क्रेन अकरा दिवसांनी मिळणार होती.

भल्लासाहेबांची गाडी फाटकाच्या आत होती.

दुसऱ्या दिवशी सेक्टर १७ मध्ये त्यांची दिल्लीहून आलेल्या सचिवांबरोबर बैठक होती. सूट घातलेले, कागदांची बॅग मांडीवर घेतलेले भल्लासाहेब सायकलरिक्षातून जाताना अख्ख्या कार्यालयाने खिडक्यांतून पाहिले. परत आल्यावर त्यांनी करतारसिंगांना आणि मला बोलावलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते अगदी हळू बोलले.

“सोमवार सुबह मुझे इस मेज़ पर राज़ीनामा चाहिए. दोनों का. नहीं तो मैं ऊपर लिखूँगा.”

तेरा वर्षांची नोकरी, आणि शिक्षा म्हणून थेट राजीनामा. करतारसिंग मात्र “जी जनाब” म्हणाले, जणू चहा मागवला होता. बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, “कल बैठके लिख लें, गोगटे साब?”

“मैं मेरा ख़ुद लिखूँगा.”

“अकेले?” ते थांबले. “अकेले का राज़ीनामा मैंने तो आज तक नहीं देखा.”

मला त्यांची कीव आली. एवढा धिप्पाड माणूस, पण एकट्याने राजीनामा द्यायची हिंमत नाही.

घरी सुनेत्राला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती. लाटणं थांबलं.

“अहो, माफी मागून बघा ना.”

“सरकारी नोकरीत माफीला चौकट नसते.”

“मग नयनाची शाळा? हे क्वार्टर? सांगलीला भाऊंना काय सांगायचं?”

भाऊ म्हणजे माझे वडील. मी घाबरलो होतो, आणि घाबरलेला माणूस जे करतो तेच मी केलं. ताठ बसलो. शनिवारी सकाळी कार्यालयात जाऊन उत्तम इंग्रजीत राजीनामा लिहिला. मूळ प्रत आणि दोन कार्बन प्रती. राजीनामा हाही कागदच, म्हणून त्याला नियंत्रण-चिठ्ठी लावली. पहिली चौकट कागद काढणाऱ्याची, ती मी भरली. दुसरी योजनाप्रमुखाची. म्हणजे माझा राजीनामा मीच तपासला आणि बरोबर असल्याची सही केली. तिसरी फोरमनची. कागद करतारसिंगांच्या ट्रेमध्ये ठेवला आणि अर्ध्या दिवसाचं काम संपवून घरी आलो.

सुनेत्रा दारातच उभी होती. डोळे लाल, हातात बेसनाच्या लाडवांची ताटली.

“शेजारच्या वीणाभाभींनी दिले,” ती म्हणाली. “त्यांच्या मिस्टरांनी आणि जेठांनी, म्हणजे थोरल्या दिरांनी, राजीनामा दिला म्हणून.”

“दोघांनी?”

“एकाच दिवशी. सात वर्षं वाट पाहत होते म्हणे. लुधियानाहून सगळे येणार आहेत जेवायला.”

मी खाली बसलो. वीणाभाभींचे यजमान बँकेत होते आणि जेठांचं स्वतःचं कापडाचं दुकान होतं. स्वतःच्या दुकानाचा राजीनामा माणूस कुणाकडे देतो?

“मला राहवलं नाही,” सुनेत्रा पदराने डोळे पुसत म्हणाली. “मी म्हटलं, हमारे यहाँ भी राजीनामा हुआ है. तर त्या ‘बधाई हो बहनजी!’ म्हणाल्या आणि मला मिठी मारून आणखी दोन लाडू ठेवले. मी रडायला लागले, तर म्हणतात, होता है, ख़ुशी में आँसू आ जाते हैं. इतकी चांगली बाई, पण मनात काय असतं कळत नाही.”

मी तसाच उठलो आणि मागच्या कुंपणाशी गेलो. वीणाभाभी दोरीवर कपडे वाळत घालत होत्या.

“भाभीजी, राजीनामा याने क्या?”

त्यांना वाटलं मी थट्टा करतोय. “लो जी. दोनों भाइयों का दीवार का मुक़दमा था. अब झगड़ा ख़तम, दोनों राज़ी. काग़ज़ पे लिख दिया. राज़ीनामा.”

“और नोकरी छोड़ते हैं, उसको?”

“उसको तो इस्तीफ़ा कहते हैं, भाई साब.” त्यांचा हात कपड्याच्या चिमट्यावर थांबला. “क्यों? किसने छोड़ी?”

भल्लासाहेबांनी आम्हा दोघांना भांडण मिटवून समझोता लिहून आणायला सांगितलं होतं. मी नोकरी सोडली होती. हिंदीच्या तीन परीक्षांत हा शब्द कधी आला नव्हता.

रविवारी सकाळी सायकल काढून कार्यालय गाठलं. पहारेकऱ्याला म्हटलं, माझा एक कागद आत राहिला आहे, तेवढा घेऊन जातो.

“नियंत्रण-चिट्ठी?” त्याने विचारलं.

“अरे, मेरा ही काग़ज़ है.”

“चिट्ठी बिना कोई काग़ज़ आगे नहीं जाएगा, साब. आप ही ने दीवार पे लगाया है.” तो मनापासून बोलत होता. माझ्या नियमावर श्रद्धा असलेला तो एकच माणूस त्या कार्यालयात होता, आणि तो मला नेमका आज भेटला.

पुष्कळ विनवण्यांनंतर त्याने नुसतं बघून येण्याची परवानगी दिली. करतारसिंगांचा ट्रे रिकामा होता.

म्हणजे कागद पुढे गेला होता. माझी चिठ्ठी आयुष्यात पहिल्यांदाच वेगाने फिरली होती. हात थंडीने वळत होते आणि मी फोरमनांच्या क्वार्टरकडे सायकल हाणत होतो. वाटेत भाऊंना लिहायच्या पत्राचा मजकूर मनात तयार झाला.

करतारसिंग अंगणात उन्हाला खाटेवर बसून केस वाळवत होते. मला पाहून त्यांनी घरात चहा सांगितला. मी काही बोलायच्या आत त्यांनी उशीखालून माझा राजीनामा काढला.

“अंग्रेज़ी मैं धीरे पढ़ता हूँ,” ते म्हणाले. “दो बार पढ़ा. पहले लगा, छुट्टी की अर्ज़ी है.”

“आपने दस्तख़त किए?”

“मेरे दस्तख़त में आठ दिन लगते हैं, गोगटे साब.”

मी मान खाली घातली. एवढं पुरे होतं. पण मला बोलायचं होतं, आणि हिंदी सुचेना, म्हणून मी मराठीतच बोललो. “लग्नाचं चुकलं माझं. फार चुकलं.” त्यांना शब्द किती कळले कोण जाणे. त्यांनी खाटेवर थोडं सरकून मला जागा करून दिली.

मग त्यांनी दुसरा कागद काढला. त्यात चार ओळी होत्या. लेथवरून आम्हा दोघांत जे झालं ते संपलं, यापुढे काम मिळून करू, आणि चिठ्ठी फक्त यंत्रांना लागेल, माणसांना नाही. खाली त्यांची सही होती. मी शेजारी माझी केली. नऊ फुटांच्या माझ्या तक्त्यापेक्षा तो कागद बरा होता, हे मी त्या वेळी कबूल केलं नाही.

“और मेरा इस्तीफ़ा?” मी हात पुढे केला.

“ये मेरे पास रहेगा.” त्यांनी तो परत उशीखाली सरकवला. “जिस दिन आप फिर चार्ट बनाओगे, उस दिन दस्तख़त करके आगे भेज दूँगा.”

सोमवारी भल्लासाहेबांनी राज़ीनामा वाचला, मान डोलावली आणि लेथ केव्हा हलणार ते विचारलं. एकेचाळीस यंत्रं अडीच महिन्यांत हलली. करतारसिंग सांगत आणि मी लिहून घेत असे. पुढची पाच वर्षं मी साधी सहलसुद्धा आखली नाही.

१९७९ मध्ये माझी बदली पुण्याला झाली. करतारसिंग सहकुटुंब स्टेशनवर आले होते, आणि रोपडची ती भाचीही कडेवर मूल घेऊन आली होती. गाडी हलताना त्यांनी खिडकीतून एक पाकीट माझ्या हातात कोंबलं. अंबाला गेल्यावर ते उघडलं. आत माझा राजीनामा होता, पिवळा पडलेला, चिठ्ठी अजून टाचलेली. करतारसिंगांनी अखेर सही केली होती. खाली ‘देरी का कारण’ समोर लिहिलं होतं : क्रेन नहीं मिली.

सुनेत्राने तो कागद दोनदा वाचला आणि खिडकीबाहेर बघत बसली. माझेही डोळे भरून आले होते.

सही मात्र त्यांनी चौथ्या चौकटीत केली होती. तिसरीत हवी होती. हे मी सुनेत्राला बोललो नाही.