कुंताबाईंच्या घराचं दार

नवीन दार बसवायचं तर आधी जुनं काढावं लागतं, हे डोमाजी सुताराचं म्हणणं काही खोटं नव्हतं. दसऱ्याच्या मुहूर्तावर त्यानं सिंदी मेघे गावातल्या पुंडलिकरावांकडून सागवानी दाराचा इसार घेतला. त्याच दुपारी जुनं दार बिजागऱ्यांसकट उपटलं आणि खांद्यावर टाकून "उद्या येतो काकाजी," म्हणत निघून गेला. आता संक्रांत आली तरी डोमाजीचा तो उद्या काही उजाडला नव्हता.

दार नसलेल्या घराला कोणी परकं राहत नाही. शेजारची बकरी आत येऊन बाजारासाठी बांधलेल्या पालकाच्या जुड्या खाऊन गेली. एका कुत्रीनं चुलीमागे पिल्लं घातली. पुंडलिकराव उंबऱ्यापाशी बाज आडवी टाकून झोपू लागले आणि थंडीनं त्यांचा आवाज बसला. भाजीबाजारात आवाज बसलेल्या माणसाची वांगी कोण घेणार?

शेवटी ते तणतणत डोमाजीकडे गेले. डोमाजीनं त्यांना आधी चहा पाजला. थाप मारावी तर त्यानंच. ऐकणाऱ्याला चूक आपलीच वाटायची.

"काकाजी, लाकूड अजून वलं हाय. आता दार केलं तं उन्हाळ्यात वाकन. मंग तुम्हीच म्हणसान, डोमाजीनं फसवलं. मी तुमच्यासाठीच थांबून राह्यलो ना जी!"

पुंडलिकराव विरघळले. घरी परतले ते कडी-बिजागऱ्यांसाठी वेगळा इसार देऊन आणि वर वांग्यांची टोपली त्याच्याकडे ठेवून.

"दार आणाले गेलते ना तुम्ही?" त्यांच्या बायकोनं, कुंताबाईंनी विचारलं. "मंग टोपली काऊन ठेवून आले?"

"अवं, माणूस लय इमानी हाय," पुंडलिकराव घोगऱ्या आवाजात म्हणाले.

कुंताबाईंनी कपाळावर हात मारला. लेक गोपिका पहिल्या बाळंतपणाला घरी आलेली, दिवस भरत आलेले आणि वारा थेट चुलीपर्यंत शिरत होता. बाळंतीण ठेवायची कुठे? दुसऱ्या दिवशी सकाळी उठून त्यांनी गोधड्यांचं गाठोडं बांधलं, गोपिकेचा हात धरला आणि मारुतीच्या देवळामागे डोमाजीच्या घरी जाऊन उभ्या राहिल्या.

"माह्या घराले दार नाई बाप्पा. ते होईपरेंत आम्ही मायलेकी इथंच राह्यतो."

"राहा ना काकू, घर तुमचंच हाय," डोमाजी म्हणाला. तो पुंडलिकरावांच्या जुन्या दाराच्या फळ्यांवर लोळत होता. फळ्या कापून त्यानं स्वतःला छान बाक केला होता.

पोतं बाजूला सारून कुंताबाई आत शिरल्या आणि थबकल्या. सुताराच्या घराला दाराच्या जागी पोतं!

"लगन होऊन आली तवापासून हेच हाय, काकू," डोमाजीची बायको गुलाब म्हणाली. "मलेबी ते उद्याच सांगून राह्यले."

दुसऱ्या दिवसापासून गावातल्या बाया गोपिकेला भेटायला डोमाजीच्या अंगणात येऊ लागल्या. कोणी लाडू आणले, कोणी चिंचा. प्रत्येक बाई आल्या आल्या विचारी, "इकडं कशी काय वो कुंताबाई?" आणि कुंताबाई गल्लीला ऐकू जाईल असं पहिल्यापासून सांगत. डोमाजीला बाकावर डोळा मिटायची सोय उरली नाही. अखेर त्यानं रंधा हातात घेतला. हात मात्र सोन्याचा होता गड्याचा. आठवडा संपायच्या आत असं दार तयार झालं की बघणाऱ्यानं उगीचच दोनदा हात फिरवावा.

पुंडलिकराव दार न्यायला बैलगाडी घेऊन आले.

"गाडी कायले आणली?" कुंताबाई म्हणाल्या. "डोमाजी, हे दार इथं बसव. तुह्याच चौकटीले."

"माही चौकट लहान हाय, काकू. वीतभर कापा लागन."

"काप."

"अवं गोपिकेची माय, डोक्सं फिरलं काय तुह्यं?" पुंडलिकरावांचा गेलेला आवाज तिथल्या तिथे परत आला. "आपलं दार कापून लोकाच्या घरी?"

पण करवत चाललीसुद्धा. डोमाजीला तर लॉटरी लागल्यासारखं झालं होतं. दुसऱ्याच्या पैशात आपल्या घराला दार! संध्याकाळी दार बसलं, गुलाबनं त्याला हळदकुंकू लावलं, आणि डोमाजी खुशीत बिडी ओढायला पानठेल्यावर गेला.

परत आला तर दार बंद.

"गुलाब, कडी काढ वो!"

"काकूच्या घराले दार लागन, तवा हे उघडन," आतून आवाज आला.

"उद्या लावतो ना!"

"मंग उद्या येजो."

गुलाबच्या आवाजात इतक्या वर्षांचं पोतं होतं. डोमाजीनं दार ठोठावलं, ढकललं, खांदा लावून पाहिला. ते हललं नाही. त्यानं स्वतः बनवलेलं होतं. थंडी तर मी म्हणत होती, आणि एवढ्या गावात त्या वेळी एकच घर उघडं होतं. पुंडलिकरावांनी त्याला उंबऱ्याजवळची बाज दिली.

पहाटे त्या बाजेवरून शिंका ऐकू येऊ लागल्या, आणि उजाडता उजाडता रंध्याचा आवाज. लाकूड कोणाच्या इसाराचं होतं, ते कोणी विचारलं नाही. डोमाजीनं दुपारचा चहासुद्धा उभ्यानंच घेतला. गोपिका मुलगी घेऊन खाटेवर निजली, तेव्हा कुंताबाईंच्या घराला दोन पल्ल्यांचं सागवानी दार होतं आणि आत वाऱ्याची झुळूकसुद्धा नव्हती.

बारशाला गुलाब आली, तेव्हा पुंडलिकरावांनी बायकोला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "मी दोनदा इसार देल्ला, तं काई झालं नाई. तू काय केलं वो असं?"

"तुम्ही इसार सुताराले देल्ला," कुंताबाई नातीच्या अंगावर दुपटं सारखं करत म्हणाल्या. "म्या सुताराच्या बायकोले देल्ला."