खडकाला कुठं एस्टी धरायचीय?

आजवर कुणाला सांगितलं नाही ते आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं लिहायला हात मोकळा होईल. येडशीच्या अंगाला, घाटाच्या माळावर, पाहुण्यांकडं तोंड करून उलटा चालणारा एक गाइड आहे. गळ्यात शिट्टी, डोळ्यांवर गॉगल, डोक्याला कुणाच्या तरी लग्नातला गुलाबी फेटा. हा लिंबराज गाइड माझा सख्खा थोरला भाऊ. गावात हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. माझ्या ऑफिसात मात्र कुणाला ठाऊक नाही, कारण एकदा चारचौघांत, त्याच्यादेखत, मी हे नातं गिळून टाकलं. ते कसं, हे मी बायकोजवळसुद्धा बोललेलो नाही.

पण आधी माणूस बघा. माझ्या त्या दिवसापेक्षा तो कितीतरी बघण्यासारखा आहे.

दादाची टूर प्रायव्हेट असते. हा शब्द त्याचा फार लाडका. फाट्यावर पत्र्याची पाटी आहे आणि तिच्यावर त्यानं स्वतःच्या हातानं रंगवलंय : 'लिंबराज प्रायव्हेट टूर. एका दिसाला एकच घर.' मागं एकदा कुठल्याशा कॉलेजची गच्च भरलेली बस आली, तर यानं ती फाट्यावरूनच वळवली.

"वरात हाये व्हय? मग ब्यांडवाल्याकडं जावा. आमच्यात पावन्याची सोय हाये, वरातीची न्हाय."

मी नंतर म्हटलं, एवढी माणसं का परत पाठवली? तर म्हणाला, "आरं, खडकांनाबी वळख ध्येनात ठिवावी लागती. येवढी त्वांडं एकदम दावल्यावर त्येंनी काय करायचं?"

यातच सगळा लिंबराज आला. इतर गाइड लोकांना खडक दाखवतात, हा खडकांना लोक दाखवतो.

आमचा माळ म्हणजे बालाघाटाची तुटलेली कड. काळा कातळ थरावर थर रचत खाली दरीत उतरतो, मधे मोठमोठे सुटे धोंडे पडलेत, आणि पावसाळ्यानंतर त्यांच्या फटींतून गवत असं उगवतं, जसे म्हाताऱ्यांच्या कानांतले केस. मी भूगोलात याला एक नाव शिकलो होतो. दादाची व्याख्या वेगळी. "आदी हे समदं पिठलं व्हतं. रटरट शिजत व्हतं. वतलं, थिजलं. त्याच्यावर परत वतलं, परत थिजलं. खानारं कुनी आलंच न्हाय, म्हून मग तसंच वाळून ऱ्हायलं." एका प्राध्यापकांनी त्याला शास्त्रीय नाव नीट समजावून सांगितलं. दादानं मान डोलावत सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "आसंल. तुमच्या गावाकडं तसं म्हनत आसतीला."

माळावर शिरलं की पहिला मान आत्याबाईंचा. तोंड फिरवून बसल्यासारखा एक तिरका कातळ आहे. "ह्या आत्याबाई. एका लग्नात रुसल्या त्या आजून उठल्या न्हाईत. आदी ह्येंला रामराम घाला, न्हाईतर फुडं कुनी बोलायचं न्हाय तुमच्यासंगं." पाहुणे हसतात. दादा हसत नाही. एक इंजिनिअर साहेब अडून बसले होते, दगडाला कसला रामराम! दादा शांतपणे खाली बसला, फेटा सोडून मांडीवर ठेवला आणि तंबाखू मळायला लागला. साहेबांनी घड्याळ दाखवलं. दादा म्हणाला, "सबुरी. खडकाला कुठं एस्टी धरायचीय?" हे त्याचं ठेवणीतलं वाक्य. शेवटी ऊन डोक्यावर आलं, इंजिनिअरांची पोरं भुकेनं किरकिर करायला लागली, आणि बाईसाहेबांनी नवऱ्याला कोपर मारलं. साहेब दोन पावलं पुढं झाले. हळूच म्हणाले, "नमस्कार, आत्या."

"आता कसं!" दादा फेटा बांधत म्हणाला. "चला, मामाकडं जाऊ. मामा आसल्या गोष्टी मनात ठिवत न्हाय."

मामा म्हणजे ढेरपोट्या धोंडा. त्याच्या पुढं आजोबा, कांद्यासारखे पापुद्रे सुटत चाललेले. "साल निघालं, पर हट्ट निघंना." तशीच पुढं विहीणबाई, दोन जावा, आणि एक जावई, जो अर्थातच सगळ्यांत उंचावर, एकटा, फुगून बसलाय. एकदा परदेश फिरून आलेल्या एक बाई आल्या. त्या म्हणाल्या, याच्यापेक्षा दसपट मोठी दरी मी पाहिलीय. दादानं आस्थेनं विचारलं, "तितं आत्या हाये का?"

"आत्या? नाही."

"मग नुसती दरी घिऊन काय करायचं?"

हे सगळं तो उलटा चालत सांगतो. पाऊल मागं, नजर पुढं. पायाखालचा दगड न् दगड त्याच्या टाचांना पाठ आहे. फक्त एकदा कुणीतरी वाटेवर आडवी फांदी टाकली होती आणि तो पाठीवर बोराटीत गेला. काटे टोचत असतील, पण झुडपातूनच हात वर करून म्हणाला, "आता उजवीकडं बगा." उलटा का चालतोस म्हणून सगळेच विचारतात. त्याचं उत्तर ठरलेलं. "खडक म्या रोज बगतो. पावन्याचं त्वांड एकदाच बगाया मिळतंय." आणि खरंच, दरी पहिल्यांदा दिसते तेव्हा पाहुणे दरीकडं बघतात आणि दादा त्यांच्या चेहऱ्यांकडं. पाहुण्यांचा आ वासला की याची छाती फुगते, जणू दरी यानंच रात्री खोदून ठेवली असावी.

टूर संपते ती बापूपाशी. दरीच्या अगदी कडेला एक लहानसा खडक आहे, पाठ माळाकडं, तोंड शहराकडं. तिथं दादा पाहुण्यांना बसवतो आणि म्हणतो, "ह्यो आमचा बापू. समद्यात धाकटा, पर समद्यात लांबचं बगनारा. ह्येच्या अंगाला टेकून माझ्या भावानं साळंचा अभ्यास केलाय. आता मोठ्या हापिसात हाये." मग ऑफिस किती मजली आहे, माझ्या टेबलावर पंखा कसा स्वतंत्र आहे, सगळं येतं. बापू हे माझं घरातलं नाव. पंखा स्वतंत्र नाही. तो तिघांत एक आहे, आणि त्याचा वारा मधल्यालाच लागतो.

आता तो दिवस.

आमच्या ऑफिसात नवे साहेब आले. पहिल्याच चहाला त्यांनी विचारलं, घरी कोण कोण? मी म्हणालो, "थोरले बंधू गावाकडची बागायत बघतात." आमची बागायत म्हणजे बांधावरचं एक लिंबोणीचं झाड. मेंढरं राखून वाढलेलं घर आमचं. पण साहेबांच्या बोलण्यात द्राक्षाचे मळे वगैरे येऊन गेले होते, तेव्हा तोंडातून निघून गेलं. पुढं एका रविवारी साहेब म्हणाले, आईला आणि मिसेसना कुठंतरी फिरवून आणू, तुम्हीही चला, या भागाची माहिती तुम्हाला असेल. कुठं जायचं ते ड्रायव्हरनं ठरवलंय. गाडी येडशीच्या पुढं त्या फाट्याला वळली आणि पत्र्याची पाटी दिसली, तेव्हा माझ्या तोंडचं पाणी पळालं.

दादा पाटीखालीच उभा होता. गुलाबी फेटा, शिट्टी, गॉगल. मला गाडीतून उतरताना बघून त्यानं गॉगल काढला. त्याचा चेहरा असा उजळला की ते मी इथं लिहू शकत नाही. दोन्ही हात पुढं करून तो "आरं..." एवढंच म्हणाला, आणि त्याच वेळी साहेबांनी मला विचारलं, "ओळखीचे आहेत का?"

मी म्हणालो, "नाही, म्हणजे... गाइड आहेत इथले."

दादाचे हात तसेच वर आले आणि जोडले गेले. "रामराम साहेब," तो मला म्हणाला. मग साहेबांना, मॅडमना, साहेबांच्या आईला. "या. लिंबराज म्हनत्यात मला."

त्या दिवसासारखी टूर दादानं कधी दिली नसेल. आत्याबाईंना साहेबांच्या आईनं कमरेत वाकून रामराम घातला, वर म्हणाल्या, "आमच्याकडंही एक अशीच आहे." दादा खूश. मॅडमनी पिठल्याची गोष्ट दोनदा सांगायला लावली. चढावर आईंना धाप लागली तसा तो थांबायचा, "सबुरी आई, खडकाला कुठं एस्टी धरायचीय?" साहेब, मॅडम, आई, ड्रायव्हर, सगळे त्याला मोकळ्या तोंडानं हाक मारत होते. दादा, पाणी द्या. दादा, हा कोण? ओ दादा, फोटो काढा की. आपल्याकडं रिक्षावाल्यालाही आपण दादा म्हणतो. त्या माळावर त्याला दादा न म्हणणारा मी एकटाच होतो.

आणि उलटा चालताना तो सगळ्यांचे चेहरे बघत होता. माझ्या चेहऱ्यावर त्याची नजर आली की ती अलगद माझ्या खांद्यावरून पलीकडं जायची. त्याला राग आला होता म्हणून नव्हे. मला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून.

दुपारी माझा जीव पुन्हा टांगणीला लागला. जेवणाचं टोपलं दरवेळी वहिनी घेऊन येतात, आणि वहिनी मला लांबूनच "भाऊजी, वाळलाव की वो!" अशी हाक देणार हे नक्की. त्या खालच्या वळणावर दिसल्याबरोबर दादानं शिट्टी फुंकली, हातानंच त्यांना तिथं थांबवलं आणि धावत खाली गेला. काय सांगितलं कुणास ठाऊक. टोपलं त्यानं स्वतःच्या डोक्यावर वर आणलं. वहिनी बराच वेळ तिथंच, पदर डोळ्यांवर धरून, वर बघत उभ्या होत्या.

ज्वारीची भाकरी, येसराची आमटी, शेंगाची चटणी. दादानं सगळ्यांना वाढलं. माझ्या चटणीवर मात्र, न विचारता, तेलाची धार जास्त पडली. लहानपणापासून मला तशीच लागते. हाताला सवय, त्याला गाइडगिरी काय कळणार!

मॅडमच्या ते लक्षात आलं. "दादा, आमच्या या साहेबांचे लाड का हो?"

दादा क्षणभर गडबडला. "त्ये... लई बारीक हायती ना वो."

माझ्या पोटाकडं बघून आई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. मीही हसलो. दादाही हसला.

संध्याकाळी आम्ही दरीच्या कडेशी आलो. बापू समोर पन्नासेक पावलांवर दिसत होता. दादा तिकडं न जाता डावीकडं उताराला वळला. मॅडम थांबल्या. "अहो दादा, माझी मैत्रीण मागच्या वर्षी येऊन गेली. ती म्हणाली, शेवटी एक खडक दाखवतात, तुमच्या भावाचा. बापू ना?"

मी दरीत बघत राहिलो.

"हाये, हाये," दादा म्हणाला. त्याचा आवाज अगदी नेहमीसारखाच होता. "पर बापू आज न्हाय भेटायचा, बाईसाहेब. त्यो हापिसात गेलाय."

"रविवारी?" साहेब हसून म्हणाले.

"लई काम आसतं त्येला," दादा म्हणाला. आणि त्या दिवसात पहिल्यांदाच तो पाठ फिरवून, सरळ, आमच्या पुढं चालायला लागला.

उलटं चालण्याचं ते जे कारण तो पाहुण्यांना सांगतो, ते खोटं नाही. पण ते पुढं सुचलेलं आहे. आमच्या वस्तीवरून शाळेत जायचं तर हाच माळ उतरावा लागायचा. मी लहान, पाय सुटायचे. बाप मेंढरांमागं, म्हणून मला न्यायचं काम दादाकडं. त्याला शाळेत घातलेलंच नव्हतं. तो पुढं व्हायचा आणि माझ्याकडं तोंड करून उलटा उतरायचा, म्हणजे मी घसरलो तर त्याच्याच अंगावर पडेन. मी रडू नये म्हणून वाटेतल्या धोंड्यांना नावं द्यायचा. ही आत्या. हा मामा. रामराम घाल, म्हणजे मास्तर मारनार न्हाय.

त्या रात्री त्याचा फोन आला. मी उचलावा की नको असं करत उचलला. म्हणाला, "त्या म्हाताऱ्या आईचं गुडगं दुखत आसतील बग. गरम पान्यानं शेकाया सांग." मग म्हणाला, "तुजं साहेब चांगलं हायती रं बापू. तुजी इजत ठिवत्यात."

तो विषय त्यानंतर त्यानं कधी काढला नाही. सणाला गेलो की वहिनी वाळलाव म्हणतात, दादा तेल ओततो. पाहुण्यांना बापू दाखवणं त्यानं सोडलेलं नाही, असं पुतण्या सांगतो. पंखा आता एसी झालाय म्हणे.

साहेबांची बदली अजून झालेली नाही. परवाच मॅडम म्हणत होत्या, त्या दादांकडं पुन्हा जायचंय, त्यांचा भाऊ भेटायचा राहिला. जायचं ठरलं तर आत्याबाईंना रामराम घालून होईल, मामा होईल, आजोबा होतील. मग बापूपाशी उभं राहून, साहेबांच्या, मॅडमच्या आणि आईंच्या समोर, मला लिंबराजला दादा म्हणायचंय. सगळे म्हणतात तसं नव्हे, घरात म्हणतो तसं.

तेवढं मी त्याचं देणं लागतो. अजून दिलेलं नाही.